कोल्हापुरात ड्रायव्हिंग स्कूल निवडताना

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशीला गेलेला माणूस सहसा दोनच प्रश्न विचारतो: फी किती आणि लायसन्स किती दिवसांत हातात पडेल. दोन्ही प्रश्न विचारायलाच हवेत. परंतु चांगले स्कूल आणि सुमार स्कूल यांतला फरक त्यांच्या उत्तरांतून कळत नाही. तो कळतो तिसऱ्या प्रश्नातून, आणि तो प्रश्न असा: या संपूर्ण शिकवणीत स्टेअरिंग प्रत्यक्ष माझ्या हातात किती तास राहील, आणि त्या वेळात क्लच व ब्रेकवर फक्त माझाच पाय असेल ना?

या प्रश्नाचे महत्त्व मला घरच्याच एका प्रसंगातून समजले. माझ्या वहिनींनी शहरातल्या एका स्कूलमध्ये पूर्ण कोर्स केला, टेस्ट दिली आणि त्यांचे पक्के लायसन्स आले. त्यानंतरच्या रविवारी घरची गाडी काढून आम्ही पन्हाळ्याला निघालो. वाघबीळ सोडून चढ सुरू झाल्यावर पुढची एसटी एका वळणावर थांबली, तिच्यामागे आम्हीही थांबलो, आणि एसटी हलली तेव्हा वहिनींना गाडी पुढे नेता येईना. दोनदा इंजिन बंद पडले, तिसऱ्यांदा गाडी मागे सरकू लागली, आणि शेजारी बसलेल्या दादाने हँडब्रेक ओढला म्हणून मागच्या जीपवर आदळण्यापासून आम्ही वाचलो. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, “क्लासच्या गाडीत माझ्या हातून गाडी एकदाही बंद पडली नव्हती.” त्या वाक्यातच सगळा उलगडा होता. शिकवणारे सर रोज “मॅडम, तुम्ही फक्त समोर बघा, बाकीचे मी बघतो” असे म्हणत आणि स्वतःच्या बाजूचा क्लच व ब्रेक स्वतःच दाबत. वहिनी इतके दिवस केवळ स्टेअरिंग फिरवायला शिकल्या होत्या आणि आपल्याला गाडी येते, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता.

शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी क्लच आणि ब्रेकचे जे जादा पेडल असतात, त्यांना ड्युअल कंट्रोल म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम २४ प्रमाणे मोटारसायकल वगळता शिकवणीच्या प्रत्येक वाहनाला ही सोय असणे बंधनकारक आहे, आणि ती असलीच पाहिजे, कारण नवशिक्याचा पाय गडबडीत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला तर गाडी थांबवण्याचा तोच मुख्य उपाय शिक्षकाच्या हाती असतो. मात्र ही सोय संकटासाठी आहे. चांगला शिक्षक पहिले दोन-तीन दिवस तिचा वापर करतो, नंतर पाय मागे घेतो आणि गाडी बंद पडू देतो, कारण हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडल्यावर गाडी सरकू लागते ती जागा, कुठे पकडतो हे शिकणाऱ्याच्या पायाला कळण्यासाठी गाडी पाच-पन्नास वेळा बंद पडावीच लागते. घाईतला शिक्षक शेवटच्या दिवसापर्यंत पाय पेडलवरून काढत नाही, कारण बंद पडलेल्या गाडीमागे वाहनांची रांग लागते, हॉर्न वाजतात, आणि पुढचा विद्यार्थी वाट पाहत असतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. दोन्ही बाजूंचे पेडल एकमेकांना जोडलेले असल्यामुळे शिक्षकाने त्यांचा क्लच दाबला की तुमच्या पायाखालचा क्लचही आपोआप खाली जातो. तसे वारंवार जाणवू लागले, तर संकोच न बाळगता सांगावे: “सर, आज मला एकट्याला करू द्या, बंद पडली तर पुन्हा चालू करीन.” या विनंतीवर शिक्षक काय करतात, यावरून त्या स्कूलविषयी जितके कळते तितके कोणत्याही जाहिरातीवरून कळत नाही.

आता स्कूलच्या कार्यालयात काय पाहावे, याविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२ खाली ड्रायव्हिंग स्कूल चालवायला परवाना लागतो. तो नमुना ११ मध्ये, परिवहन विभागाकडून, पाच वर्षांसाठी मिळतो, आणि त्याची मूळ प्रत कार्यालयात ठळकपणे दिसेल अशा जागी लावणे हे स्कूलचे कर्तव्य आहे. तेव्हा आत शिरल्यावर भिंतीकडे पाहावे, परवान्यावरचा पत्ता आणि तुम्ही उभे आहात तो पत्ता एकच आहे का आणि मुदत संपलेली नाही ना, हे वाचून घ्यावे. पूर्वपरवानगीशिवाय स्कूलला जागा बदलता येत नाही, त्यामुळे पत्त्यांतील तफावत ही क्षुल्लक बाब मानू नये. गाडीवरही स्कूलचे नाव आणि पूर्ण पत्ता ठळक अक्षरांत असायला हवा. सकाळी रस्त्यावर कोणतेही नाव नसलेल्या, केवळ पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ चिकटवलेल्या खासगी गाडीत कोणी फी घेऊन शिकवताना दिसले, तर त्या गाडीत ड्युअल कंट्रोल नसण्याची शक्यताच अधिक, हे ध्यानात ठेवावे.

शिक्षकाची पात्रताही नियमांत लिहिलेली आहे: किमान दहावी उत्तीर्ण, वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव, मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र किंवा त्याहून वरची यांत्रिकी पात्रता, वाहतूक चिन्हांचे पक्के ज्ञान आणि गाडीचे भाग समजावून सांगण्याची क्षमता. कोणाकडे प्रमाणपत्र मागणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते, म्हणून मी वेगळी पद्धत सुचवीन. ज्यांच्याकडे शिकायचे आहे त्यांनाच भेटावे आणि एखादा साधा प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ, “उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये का सोडू नये?” इंजिनचा रोध निघून गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते, हे जो माणूस दोन मिनिटांत हातवारे करून समजावतो, तो रस्त्यावरही समजावून सांगेल. “ते नंतर येते आपोआप” असे उत्तर मिळाले, तर पुढचे स्कूल पाहावे. फी घेणारे मालक आणि गाडीत बसणारे शिक्षक बहुधा वेगळे असतात, त्यामुळे मालकांच्या बोलण्यावरून शिकवण्याचा अंदाज बांधू नये.

सर्वांत अधिक वेळ ज्यात घालवावा, तो भाग म्हणजे तासांचा हिशोब. नियम ३१ प्रमाणे खासगी मोटारीच्या शिकवणीचा कालावधी २१ दिवसांपेक्षा कमी नसावा आणि प्रत्यक्ष वाहन चालवण्याचे तास १० पेक्षा कमी नसावेत. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याने रोज किती वेळ गाडी चालवली, याची स्वतंत्र नोंद स्कूलने नमुना १५ मध्ये ठेवायची असते. आता व्यवहारात काय घडते ते पाहा. पुष्कळ ठिकाणी शिकवणी तासांवर ठरत नाही, किलोमीटरवर ठरते: रोज पाच किलोमीटर, २१ दिवस. ऐकायला हे भरपूर वाटते. परंतु सकाळी साडेसहाला मोकळ्या रस्त्यावर पाच किलोमीटर जायला नवशिक्यालाही पंधरा मिनिटे पुरतात, आणि पंधरा मिनिटांप्रमाणे २१ दिवसांचे होतात सव्वापाच तास. नियमातली किमान मर्यादा याच्या जवळपास दुप्पट आहे. रोज पूर्ण अर्धा तास स्टेअरिंग हातात असेल, तरच २१ दिवसांत साडेदहा तास भरतात.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. एका फेरीत दोन किंवा तीन विद्यार्थी गाडीत बसवले जातात, एक चालवतो आणि उरलेले मागे बसतात, आणि फेरी तासाभराची असल्यामुळे सर्वांनाच तासभर शिकल्यासारखे वाटते. मागे बसून पाहण्याचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याची चूक शांतपणे पाहायला मिळते आणि त्यातून काही गोष्टी चटकन समजतात. परंतु तो वेळ चालवण्याच्या तासांत धरू नये. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पुढील माहिती कागदावर लिहून मागावी: एकूण दिवस, रोज प्रत्यक्ष चालवण्याची मिनिटे, एका वेळी गाडीत बसणारे विद्यार्थी, पावसाने किंवा गाडी बिघडल्याने दिवस बुडाला तर तो भरून देण्याची पद्धत. मग फीला या तासांनी भागावे. समजा, एका ठिकाणी ५,००० रुपयांत सव्वापाच तास मिळतात आणि दुसरीकडे ६,५०० रुपयांत साडेदहा, तर पहिल्या ठिकाणी तासाला साडेनऊशे रुपयांहून अधिक पडतात आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे सहाशेवीस. वरवर स्वस्त दिसणारे स्कूल महाग असते, ते असे.

फीविषयी आणखी थोडे. शिकवणीची फी आणि सरकारी शुल्क या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि त्या वेगळ्या मांडून देणारे स्कूल अधिक विश्वासाचे. केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंग लायसन्ससाठी वाहनाच्या प्रत्येक वर्गामागे १५० रुपये आणि चाचणीचे ५० रुपये, पुढे ड्रायव्हिंग टेस्टचे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये असे मूळ शुल्क आहे. परिवहनच्या सारथी संकेतस्थळावर अर्ज भरताना नेमकी रक्कम समोर दिसते आणि पावती तुमच्या नावाने निघते. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या साहाय्याने लर्निंग लायसन्सची चाचणी घरबसल्याही देता येते. तेव्हा “सगळे मिळून इतके” अशी मोघम रक्कम सांगितली गेली, तर तिची फोड मागावी.

याच ठिकाणी ‘लायसन्सची गॅरंटी’ या शब्दाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते आणि लर्निंग सहा महिने चालते, म्हणजे शिकायला पुरेसा अवकाश असतो. टेस्टमध्ये अपयश आले तर सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा अपयश आले तरच ६० दिवस थांबावे लागते. इतकी सवलत असताना, गाडी येवो न येवो, लायसन्स मिळवून देतो असे सांगणारा माणूस नेमके काय विकत आहे, याचा विचार आई-वडिलांनी तरी करावा. नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र मिळाले, तरी आरटीओची टेस्ट चुकत नाही. टेस्टमधून सूट मिळते ती फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातून शिकणाऱ्यांना. १ जुलै २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांप्रमाणे अशा केंद्रात हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत २९ तासांचा असतो, त्यांपैकी ८ तास वर्गातले आणि २१ तास प्रत्यक्ष सरावाचे, आणि केंद्रापाशी सिम्युलेटर व स्वतःचा ट्रॅक असावा लागतो. एखाद्या साध्या स्कूलने “आमच्याकडे शिकला तर टेस्ट लागत नाही” असे सांगितले, तर ही मान्यता दाखवायला सांगावी.

वयाच्या बाबतीत तडजोड नको. मोटारीसाठी लर्निंग लायसन्स १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. बारावीच्या सुटीत मुलगा किंवा मुलगी सतरा वर्षांची असते, क्लास सुरू करायची घाई असते, आणि काही ठिकाणी “चालतंय की, दोन महिन्यांचाच प्रश्न आहे” असे म्हणून नाव घेतलेही जाते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी आहे. असे नाव घेणारे स्कूल इतर नियमही त्याच ढिलाईने पाळत असणार.

कोल्हापुरात शिकायचे तर कोणत्या रस्त्यांवर शिकवतात, हे विचारणे मला तासांइतकेच महत्त्वाचे वाटते. पुष्कळ स्कूलचा मार्ग ठरलेला असतो: सकाळी लवकर शेंडा पार्क किंवा शिवाजी विद्यापीठाच्या बाजूचा रुंद रस्ता, तिथून वळून परत. पहिल्या आठवड्यासाठी हे रस्ते उत्तमच आहेत, कारण तिथे चुकायला जागा असते. परंतु एकविसाव्या दिवशीही गाडी त्याच रस्त्यावर असेल, तर शिकणाऱ्याला राजारामपुरीच्या गल्ल्यांमधून एकामागून एक येणाऱ्या दुचाकी, लक्ष्मीपुरीत अर्ध्या रस्त्यावर माल उतरवणारे टेंपो, मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर अचानक बाजूला येणारी केएमटीची बस आणि सणावाराला अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्यांनी भरलेला बिंदू चौक, यांपैकी काहीच भेटलेले नसते. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दोन-चार दिवस तरी गर्दीच्या वेळी गाडीत बसायला मिळेल का, हे आधी विचारून ठेवावे. सकाळी सहा ते आठची वेळ सर्वांना सोयीची म्हणून दिली जाते. नोकरीला जाताना गाडी साडेनऊला काढायची असेल, तर साडेनऊची वाहतूक शिक्षक शेजारी असतानाच पाहिलेली बरी.

चढाचा सराव तर मी अट म्हणूनच घालीन. आपल्या जिल्ह्यात सुटीच्या दिवशी माणूस जाणार पन्हाळ्याला, जोतिबाला, नाहीतर गगनबावड्याकडून कोकणात, म्हणजे घाट कोणालाच चुकत नाही. हँडब्रेक ओढून, क्लच पकडीच्या जागेपर्यंत सोडून, ॲक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडायचा आणि गाडी तसूभरही मागे जाऊ द्यायची नाही, हे मोकळ्या चढावर दहा वेळा आणि वाहतुकीच्या चढावर दोन-तीन वेळा करून घेतले पाहिजे. ज्या स्कूलच्या शिक्षकांना यासाठी शहराबाहेर जायला वेळ नाही, त्यांनी निदान शहरातल्या एखाद्या चढावर हे रोज करून घ्यावे. आमच्या वहिनींनी पुढे दुसऱ्या एका शिक्षकांकडे फक्त एवढ्यासाठी सहा दिवस घेतले, आणि आज त्या जोतिबाची चढण निर्धास्तपणे चढतात.

अंधारातल्या सरावाविषयी बहुतेक स्कूल काही बोलतच नाहीत. वास्तविक ऊसपट्ट्यात राहणाऱ्या माणसाने हा विषय स्वतःहून काढला पाहिजे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कागल, शिरोळ, करवीर कुठेही जा, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर उसाचा भारा, आणि मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नाही, असे वाहन रात्री अंधारातून एकदम पुढ्यात येते. समोरच्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपलेले असताना नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर कशी ठेवायची, डिपर, म्हणजे दिवे खाली-वर करून इशारा, केव्हा द्यायचा आणि आपल्या दिव्यांच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग का ठेवायचा, हे सायंकाळी सातनंतरच्या दोन फेऱ्यांत शिकवता येते. जादा पैसे मागितले तरी ते द्यावेत. महामार्गावरची एक फेरी, म्हणजे तावडे हॉटेलकडून चढून कागलपर्यंत जाणे आणि येणे, हीसुद्धा अभ्यासक्रमात असेल तर उत्तम. वाहत्या वाहतुकीत शिरताना आरशाचा अंदाज कसा घ्यायचा, हे शहरातल्या रस्त्यावर शिकता येत नाही.

गाडीची अवस्था एका नजरेत कळते. टायरांवर नक्षी शिल्लक आहे का, दोन्ही बाजूंचे आरसे जागेवर आहेत का, सीट पुढे-मागे सरकते का आणि शिकणाऱ्याच्या बाजूचा सीटबेल्ट लागतो का, एवढे पाहावे. उंचीने लहान असलेल्या विद्यार्थ्याला सीट सरकत नसेल, तर क्लच पूर्ण दाबताच येत नाही आणि दोष मात्र त्याच्या शिकण्याला दिला जातो.

मुली आणि स्त्रियांच्या दृष्टीने दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. शिकवायला महिला शिक्षक आहेत का, आणि नसल्यास फेरीत दुसरी एखादी विद्यार्थिनी सोबत असेल का किंवा पहिले काही दिवस घरातले कोणी मागच्या सीटवर बसले तर चालेल का. जबाबदार स्कूल याला ताबडतोब होकार देते. शिक्षकांचे बोलणे कसे आहे, हेही याच वेळी कळते. चूक झाल्यावर ओरडणाऱ्या शिक्षकाच्या शेजारी विद्यार्थी रस्त्याकडे पाहण्याऐवजी शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो, आणि मग पुढची चूक अटळ असते. माझ्या माहितीतल्या दोन मावश्या पन्नाशीत शिकायला गेल्या; त्यांपैकी एकीने तिसऱ्या दिवशी केवळ ओरडण्यामुळे क्लास सोडला, दुसरीला धीर देणारे सर मिळाले आणि ती आता नातवंडांना शाळेत सोडते.

हे सगळे विचारल्यावरही मन ठरत नसेल, तर एका फेरीचे पैसे देऊन एक दिवस गाडीत बसण्याची परवानगी मागावी, किंवा निदान दुसऱ्याच्या फेरीत मागे बसून पाहावे. त्या अर्ध्या तासात शिक्षकांच्या पायाकडे लक्ष ठेवावे. नुकतेच तिथून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या माणसाला गाठता आले, तर “शिकवतात कसे?” असे विचारू नये, कारण सगळे जण “चांगलं शिकवतात” असेच म्हणतात, त्याऐवजी “क्लास संपल्यावर पहिल्यांदा एकट्याने गाडी केव्हा काढली आणि कुठवर नेली?” असे विचारावे.

प्रवेश घेतल्यावर रोजच्या मिनिटांची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवावी, आणि स्कूलच्या नोंदवहीत सही करताना त्या दिवशी खरोखर चालवलेला वेळच लिहिला आहे ना, हे पाहूनच सही करावी. एकाच दिवशी आठवडाभराच्या सह्या मागितल्या, तर नम्रपणे नकार द्यावा. शेवटचे दोन दिवस स्वतःच्या मार्गासाठी राखून ठेवायला सांगावे: घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत, तिथले पार्किंग, आणि परत. पक्के लायसन्स आल्यावर त्याच शिक्षकांना एक-दोन तासांसाठी घरच्या गाडीत शेजारी बसवता आले, तर अवश्य बसवावे, कारण घरच्या गाडीचा क्लच वेगळ्या जागी पकडतो आणि शिक्षकांच्या बाजूला दुसरा पेडल नसतो.